सुटकेनंतरचे दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कारागृहातून सुटून आलेल्या व्यक्तीला पुन्हा उभे राहण्यासाठी कुटुंबाने, मालकाने आणि त्या व्यक्तीने स्वतः काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत व पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मठेपेची शिक्षा भोगून दोन-तीन महिन्यांत येरवड्याहून सुटेल. बांधावरून भावकीत झालेल्या मारामारीत आमच्या एका चुलत्यांचा जीव गेला होता. आमचे आई-वडील आता नाहीत. कोरोनाच्या साथीत तो तातडीच्या अभिवचन रजेवर (पॅरोलवर) आला होता, तेव्हा बहुतेक वेळ घरातच बसून असे. त्या चुलत्यांचे घर आमच्या माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो आत सुतारकाम शिकला आहे. तो गावात राहू शकेल का आणि आम्ही कोणती तयारी करावी? (एक बहीण, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, हाकेच्या अंतरावरचे ते घर हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

शासनाने शिक्षेत सूट देऊन जन्मठेपेच्या बंद्याला मुदतीआधी सोडले, तर सुटकेच्या आदेशात काही अटी असू शकतात आणि त्या मोडल्यास सूट रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगण्यासाठी परत जावे लागू शकते. त्यामुळे आदेशाची प्रत हातात पडताच ती शब्द न् शब्द वाचा आणि न समजलेले वाक्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडून समजून घ्या. गावात राहण्यास मनाई नसेल, तर भावाला तेथे राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की पहिले सहा महिने ते वर्षभर त्याने तुमच्याकडे किंवा तालुक्याच्या गावी राहावे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातल्या माणसांना तो रोज सकाळी समोरून जाताना दिसावा, हे त्यांच्यासाठी फार कठीण असते, आणि त्यांच्या नजरेखाली नवे आयुष्य सुरू करणे त्याच्यासाठीही तितकेच कठीण असते.

गावातली चार वडीलधारी मंडळी चांगल्या हेतूनेच म्हणतील की दोन्ही घरांना समोरासमोर बसवू आणि एकदाचे मिटवून टाकू. याला नम्रपणे नकार द्या. चार लोकांच्या साक्षीने ज्यांच्याकडून क्षमा वदवून घेतली जाते, त्यांच्या मनातला राग तसाच राहतो, उलट त्यात अपमानाची भर पडते. त्याऐवजी दोन्हीकडे उठबस असलेल्या एका विश्वासू माणसाकरवी भाऊ कधी सुटतो आहे, कोठे राहणार आहे आणि गावी येणार असला तर कोणत्या कामासाठी, एवढा निरोप त्या घरी आधी पोहोचवा. ही बातमी त्यांना चावडीवर कळू नये. त्यांनी ‘आमच्या दारावरून जाऊ नये’ असे सांगितले, तर तेवढी वाट वळसा घालून जाण्यात भावाचे काही कमी होत नाही. पश्चात्ताप व्यक्त करण्याची वेळ कधी आलीच, तर ती त्यांच्या बाजूने येऊ द्यावी.

आणखी एक काम त्याच्या सुटकेपूर्वी सुरू करा. ज्या बांधावरून हे सगळे घडले, त्या गटाची सरकारी मोजणी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मागवा. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, त्यामुळे हद्दीच्या खुणा सर्वांच्या देखत ठरतात. अनेक कुटुंबे माणसाच्या स्वागताची तयारी करतात आणि भांडणाचे मूळ मात्र जागच्या जागी ठेवतात. त्याचबरोबर आई-वडिलांच्या निधनानंतर वारस नोंद झाली आहे का, सातबाऱ्यावर भावाचे नाव लागले आहे का, हे तलाठ्याकडे पाहून घ्या. त्याच्या अनुपस्थितीत जमिनीचा काही व्यवहार झाला असेल, तर तो येत्या मुलाकातीतच त्याला सांगा. बाहेर आल्यावर तिसऱ्या माणसाकडून कळलेली अशी गोष्ट घरातला विश्वास मोडते, आणि त्या दिवसांत त्याच्याजवळ त्याशिवाय फारसे काही नसते.

सुटकेच्या दिवशी एक-दोन माणसांनीच न्यायला जावे. हार, गर्दी, फटाके नकोत. बाहेर पडण्यापूर्वी सुटकेचे प्रमाणपत्र, त्याच्या नावावर जमा असलेली मजुरीची रक्कम आणि प्रवेशाच्या वेळी जमा केलेल्या वस्तू मिळाल्याची खात्री करून घ्यावी. सुतारकामाचे प्रशिक्षण किंवा शिक्षण आत पूर्ण केले असेल, तर त्याची प्रमाणपत्रेही तेव्हाच मागून घ्यावीत, कारण नंतर त्यासाठी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात. पुढच्या आठवड्यात आधार अद्ययावत करणे, बंद पडलेले बँक खाते सुरू करणे (दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय ठरवते), तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत शिधापत्रिकेवर नाव चढवणे आणि मतदार यादीत नाव आहे का ते पाहणे, ही कामे उरकावीत. शिक्षा भोगून आलेल्याला मतदान करता येत नाही असा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. कारागृहात असेपर्यंतच मतदान करता येत नाही आणि सुटकेनंतर तो अधिकार परत वापरता येतो.

घरातले दिवस कसे जातील, तेही सांगते. आत संध्याकाळ होण्यापूर्वी बराकीचे दार बंद होते आणि पहाटे गिनती होऊन उघडते. इतकी वर्षे स्वतःच्या हाताने दार उघडण्याची वेळच न आलेला माणूस घरी आल्यावर न्हाणीघरात जातानाही ‘जाऊ का?’ असे विचारतो, ताट पुढे येईपर्यंत भूक लागल्याचे सांगत नाही आणि दुकानात पाच प्रकारचे साबण समोर ठेवले की गोंधळून रिकाम्या हाताने परततो. मागच्या रजेत तो घरातच बसून राहिला, त्याचे कारण यात असू शकते. त्याला हसू नका आणि ‘आता तू मोकळा आहेस’ असे वारंवार बजावूही नका. घराची एक किल्ली त्याच्या हाती द्या, खिशात थोडे सुटे पैसे असू द्या आणि दळण आणणे किंवा भाचरांना शाळेत पोहोचवणे असे रोजचे एक ठरलेले काम त्याच्यावर सोपवा. मोबाईलवरून पैसे देणे त्याला शांतपणे शिकवा. झोप न लागणे, एकाएकी राग येणे किंवा दिवसेंदिवस न बोलणे असेच चालू राहिले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे आणि टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कामाविषयी थोडक्यात. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहातील सुतारकाम शाळेत सरकारी कार्यालयांसाठी टेबल-खुर्च्या, कपाटे तयार होतात आणि तेथे शिकलेल्याचा हात पक्का असतो. बाहेरचे काम मात्र आता प्लायवूड, सनमायका आणि विजेवरच्या यंत्रांवर चालते, म्हणून पहिले काही महिने एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावेत. पुढे स्वतःचे काम सुरू करायचे ठरले, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. सुटलेल्या बंद्यांना शासनाकडून मिळणारी पुनर्वसनाची मदत जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत मिळते, आणि हे अधिकारी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात बसतात. त्या कार्यालयाची पाटी वाचूनच अनेक पुरुष मागे फिरतात, म्हणून पहिल्या वेळी तुम्ही त्याच्याबरोबर जा.

प्रश्न : आमचा औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा कारखाना असून १८ कामगार आहेत. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या एका वेल्डरला घ्यावे, अशी ओळखीच्या शिक्षकांनी विनंती केली आहे. माणूस कामाचा वाटतो, पण इतर कामगार काय म्हणतील आणि उद्या काही झाले तर जबाबदारी माझ्यावर येईल का, अशी काळजी वाटते. (एक उद्योजक, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी कायद्याचे सांगते. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खासगी कारखान्यात वेल्डर म्हणून ठेवण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही आणि केवळ त्याला कामावर ठेवले म्हणून त्याच्या पुढच्या एखाद्या गुन्ह्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. खासगी सुरक्षा रक्षकासारख्या काही कामांसाठी २००५ च्या कायद्याने चारित्र्य पडताळणी आवश्यक केलेली आहे, पण तुमचे काम त्यात येत नाही.

खरा प्रश्न कारखान्याच्या आतला आहे. त्याचा गुन्हा सगळ्यांना सांगावा असे मला वाटत नाही. तुम्हाला आणि फोरमनला ठाऊक असावे आणि हे दोघांनाच ठाऊक आहे, हे त्यालाही माहीत असावे. तालुक्याच्या ठिकाणी अशी गोष्ट फार काळ झाकून राहत नाही, म्हणून ती बाहेर आली तर काय बोलायचे, हे तिघांनी आधीच ठरवून ठेवावे. ‘शिक्षा झाली होती, ती त्याने भोगली, मला हे माहीत आहे आणि मी त्याला विचारपूर्वक घेतले आहे,’ एवढे मालकाने एकदा ठामपणे म्हटले की शॉपवरची कुजबुज बहुतेक वेळा तेथेच थांबते. मालकच चाचरला, तर कोणी कोणाला थांबवू शकत नाही.

एखाद्या दिवशी तांब्याची केबल किंवा ग्राइंडर सापडेनासा होईल आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतील. हा प्रसंग येणारच असे धरून त्याला कामावर घेण्यापूर्वीच सर्व कामगारांसाठी एकच पद्धत लागू करा. अवजारे देताना व घेताना नोंदवहीत सही घ्यावी, भंगार दोघांच्या देखत तोलावे आणि काही गहाळ झालेच तर चौकशी सर्वांची व्हावी. त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावून विचारले, तर तो निर्दोष असला तरी दुसऱ्या दिवसापासून कामावर येणार नाही, आणि त्याचे जाणे ज्याने खरोखर वस्तू नेली त्याच्या पथ्यावर पडेल.

एका गोष्टीविषयी मला तळमळीने सांगायचे आहे. ‘याला दुसरीकडे कोण ठेवणार’ असा हिशेब करून अशा माणसांना निम्म्या मजुरीवर राबवणारे मालक आहेत. तुम्ही त्याला इतर वेल्डरांइतकाच दर द्या, भविष्यनिर्वाह निधी लागू असेल तर त्यात त्याचे नाव घाला आणि पहिल्या महिन्यात थोडी उचल द्या, कारण खोलीची अनामत आणि भांडीकुंडी यांत त्याची सगळी पुंजी संपते. त्याच्यावर दुसरा एखादा खटला प्रलंबित असेल, तर तारखेच्या दिवशी सुट्टी नाकारू नका. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि लागलेले काम तेथेच तुटते.

तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये गंभीर गुन्ह्यांतील बंद्यांना तेथे भिंतींशिवाय, शेती करत राहू दिले आणि कुटुंबेही बरोबर आणू दिली. अशा माणसांना पूर्ण काम आणि पूर्ण विश्वास दिला तर काय होते, हे पाहण्यासाठी एक रविवार काढून तिकडे चक्कर टाका.

प्रश्न : एका गुन्ह्यात माझे नाव गोवले गेले. तीन वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून काढल्यावर न्यायालयाने मला निर्दोष सोडले. तरीही पोलीस पडताळणीत माझ्या नावापुढे गुन्हा दिसतो आणि नोकरीच्या फॉर्ममध्ये काय लिहावे, हे कळत नाही. गेलेल्या वर्षांची भरपाई मिळते का? (वय २७, नागपूर)

उत्तर : तुमच्यासारखी माणसे संख्येने फार मोठी आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांतील ७५ टक्क्यांहून अधिक बंदी न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते. पुनर्वसनाच्या योजना शिक्षा झालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखल्या जातात आणि निर्दोष सुटलेला मुलगा कोणत्याच रकान्यात बसत नाही, हा मला या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

निकालपत्राची प्रमाणित नक्कल न्यायालयातून काढा आणि ती जोडून संबंधित पोलीस ठाण्यात व पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. खटल्याचा निकाल पोलिसांच्या नोंदीत चढलेला नसतो, म्हणून अनेकदा निर्दोष सुटलेल्याचे प्रकरणही ‘न्यायप्रविष्ट’ दिसत राहते. निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द आहेत की पुरावाच नव्हता असे म्हटले आहे, तेही वकिलांकडून समजून घ्या, कारण पोलीस दलासारख्या सरकारी नोकऱ्यांत हा फरक पाहिला जातो.

‘आपल्याला कधी अटक झाली होती का’ असा रकाना असेल, तर ‘होय’ लिहून निकालाची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले आहे की माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असे मात्र नाही, कारण पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार सरकारकडे राहतोच. खासगी मुलाखतीत मधल्या वर्षांविषयी विचारले, तर दोन वाक्यांत सांगून आपल्या कामाकडे वळा. लांबलचक सफाई दिली की समोरच्याच्या मनात नसलेली शंका उभी राहते.

भरपाईचे उत्तर निराश करणारे आहे. चुकीच्या खटल्यात वर्षे गेलेल्यांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. मधल्या काळात शिक्षण तुटले असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ते तुम्हाला काम करता करता पूर्ण करता येईल.

ज्यांचे नातेवाईक अजून आत आहेत, त्यांच्यासाठी येथे एक गोष्ट नोंदवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यासही तिचा लाभ मिळत नाही.

प्रश्न : पतीने घरात ठेवलेल्या मालामुळे मी अडकले आणि शिक्षा भोगून सुटले. दोन वर्षांत मुलाकातीला माहेरचे एकदा आले, सासरचे कोणीही आले नाही. आता सासू घरात घेत नाही आणि मुलांना भेटू देत नाही. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा आहे. ‘आई कामाला परगावी गेली आहे,’ असे त्यांना सांगितले आहे. सध्या मैत्रिणीकडे राहते, पण तिलाही किती दिवस अडचण करणार? (एक आई)

उत्तर : पुरुष सुटून येतो तेव्हा त्याची आई किंवा बायको दारात उभी असते. बाई सुटून येते तेव्हा बहुतेक वेळा दारच लागलेले असते. तुमच्या वाट्याला हे आले याचे वाईट वाटते. परंतु तुमचे हक्क त्या दाराबरोबर बंद झालेले नाहीत.

आधी निवारा पाहू. मैत्रिणीकडे राहणे अवघड झाले, तर जिल्ह्यातील सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा मिळतो आणि तेथून शासकीय महिला वसतिगृहात किंवा शक्ती सदन या सरकारी योजनेतील निवासगृहात प्रवेशाची व्यवस्था होऊ शकते. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१ आहे. मुंबई-ठाणे परिसरात असाल, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कारागृहातून सुटलेल्या व्यक्तींसाठी काम करतो आहे.

सासरचे घर सासूच्या नावावर आहे म्हणून तुमचा तेथे राहण्याचा हक्क संपतो, असे कोणी सांगितले तर मानू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात विवाहित स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तुम्हाला त्या घरी परत जायचे आहे की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवायचे आहे. ज्या घरात पतीने ठेवलेल्या मालापायी तुम्ही आत गेलात, त्या घरात पुन्हा तोच धंदा चालू असेल, तर तेथे पाऊल टाकू नका. वेगळ्या निवाऱ्याची आणि निर्वाहखर्चाची मागणी करा.

मुलांच्या भेटीसाठी याच कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि ते मुलांचा तात्पुरता ताबा किंवा भेटीचे दिवस ठरवून देऊ शकतात. शिक्षा झाली होती एवढ्यावरून आईचा दावा बाद होत नाही. मुलांचे हित कशात आहे, हे न्यायालय पाहते. वकिलाचा खर्च तुम्हाला पडणार नाही, कारण स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सेवा मिळते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. जाताना मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा, सुटकेचे प्रमाणपत्र आणि सध्या राहत असलेल्या घराचा पत्ता घेऊन जा. तोवर शाळेबाहेर उभे राहून मुलांना गाठण्याचा मोह आवरा, कारण तेथे झालेली ओढाताण उद्या तुमच्याच विरोधात मांडली जाईल.

परगावच्या कामाची गोष्ट पुढे चालू ठेवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला शेजारपाजारच्यांकडून खरे कळलेले असण्याचीच शक्यता अधिक आहे आणि आईही खोटे बोलते असे तिला वाटले, तर ते निस्तरणे अवघड जाईल. ‘घरात नको ती वस्तू सापडली, म्हणून मला कारागृहात राहावे लागले, ते आता संपले आहे आणि तुम्हाला सोडून मी माझ्या मनाने गेले नव्हते,’ इतके साध्या शब्दांत सांगा. वडिलांविषयी आणि आजीविषयी मुलांसमोर वाईट बोलू नका, कारण मुलांना संध्याकाळी त्याच घरात परत जायचे आहे. मुलगा पहिल्या भेटीत जवळ आला नाही, तर त्याला ओढून मांडीवर घेऊ नका. त्याला रंगाचे खडू आणि कागद द्या आणि मुलीशी बोलत राहा. भेट संपवून उठण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.